बदकांच्या खोलीचं दार

आमच्या मराठी मंडळाच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता. "सुलभाताई, इतकी वर्षं पाळणाघरात काढलीत. पोरांच्या गमती लिहा ना अंकासाठी. हलकंफुलकं काहीतरी." मी हो म्हटलं आणि खरोखर गमती लिहायला बसले. दोन पानं झालीही. पण पेन दरवेळी एकाच सकाळपाशी येऊन अडायचं. शेवटी मी बाईंना कळवलं, की हलकंफुलकं जमेल तेवढं सुरुवातीला घालते, पुढचं मात्र घडलं तसं लिहिणार.  त्या म्हणाल्या, "लिहा."

मी नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओहायोत आले आणि तिथल्या कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिन गावात स्थिरावले. पहिली काही वर्षं त्याच्या व्हिसावर मला काम करायची परवानगीच नव्हती. ती मिळाली तेव्हा चाळिशी जवळ आलेली, हातात बॉटनीची पदवी, आणि ती घेऊन काय करायचं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. जवळच्या एका विद्यापीठाच्या आवारात पाळणाघर होतं. तिथल्या प्राध्यापकांची, कर्मचाऱ्यांची, संसार करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची मुलं तिथे असायची. मी मदतनीस म्हणून गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मुलगी अमेरिकेत जाऊन लोकांची पोरं सांभाळते, हे कळल्यावर माझी आई कितीतरी दिवस फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत असे.

पोरं सांभाळणं ही बायकांना जन्मतः येणारी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन वर्षांच्या अकरा मुलांना एकाच वेळी बूट घालून दाखवावेत. शेवटच्याला घालून होईपर्यंत पहिल्यानं काढलेले असतात. या कामाला शिक्षण लागतं, परीक्षा असतात, एका बाईमागे किती पोरं याचे सरकारी नियम असतात. सगळ्यांत मोठी सवय लागते ती डोकी मोजायची. बाहेर जाताना मोजायची, आत येताना मोजायची, मधेच उगाच मोजायची.

पोरांपेक्षा पालक नमुनेदार. एका वडिलांची अट होती की त्यांच्या मुलाला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही. माझी जोडीदारीण टॅशा त्यांच्यासमोर गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची आणि ते गेल्यावर मला विचारायची, "मग तो दुसऱ्याला चावला की काय म्हणू, थँक यू?"

टॅशाबद्दल सांगायला हवं. कोलंबसमध्येच वाढलेली, पंचविशीतली, धाकटी चार भावंडं हिनंच मोठी केलेली. धिप्पाड, हसली की शेजारच्या खोलीतली तान्ही दचकायची. आम्हा दोघींकडे दोन ते तीन वयाची मुलं होती. त्या खोलीला नाव होतं 'बदकं'. मुलं मला मिस सुलू म्हणत, म्हणून टॅशाही तेच म्हणे.

बदकांत एक मराठी पोर होतं, इरा. तिची आई ऋतुजा पुण्याची, केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. नवरा मंदार नोकरीसाठी सिॲटलला, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. म्हणजे ही इथे लॅब आणि पोर घेऊन एकटीच. पहिल्या दिवशी इरा "घली जायचं" म्हणून आकांत करत होती आणि तिचं म्हणणं कोणालाच कळत नव्हतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "जाऊ हं. आधी मम् खाऊ, मग घरी जाऊ." ती रडायची थांबली आणि माझा पाय धरून उभी राहिली. दारात उभी असलेली ऋतुजाच मग रडायला लागली. "काकू, मला वाटलं नव्हतं इथे कोणी असेल." त्यानंतर इराची मी सुलूआजी झाले.

आता मूळ गोष्ट.

दर सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या पोलिसांतला एक ऑफिसर आम्हाला शिकवायला यायचा. ब्रायन त्याचं नाव. कॉलेजच्या वर्गांसाठी त्याचं सांगणं ठरलेलं होतं. पळता आलं तर पळा, नाही तर लपा, तेही जमलं नाही तर हाताला लागेल त्यानं लढा. आमच्या खोलीत आला की मात्र बिचारा मान खाजवायचा. अकरा पोरं घेऊन पळायचं कसं? आणि लढायचं कशानं, प्लॅस्टिकच्या केळ्यांनी? आमच्या वाट्याला उरायचं लपणं. आमच्या खोलीला लागून मुलांची बाथरूम होती. बुटके कमोड, बुटकी बेसिनं, खिडकी एकही नाही, दाराला आतून कडी. तिथे जायचं, दिवे बंद करायचे, फोनचे आवाज बंद करायचे, आणि गप्प.

दोन वर्षांच्या मुलाला गप्प कसं बसवायचं, ते ब्रायनला माहीत नव्हतं. ते आमचं काम. पाळणाघराच्या प्रमुख लिंडा. त्यांचा दंडक होता, की मुलांसमोर बंदूक हा शब्दही काढायचा नाही. म्हणून आम्ही उंदरांचा खेळ काढला. मांजर आलं, उंदीर बिळात, जो उंदीर आवाज करणार नाही त्याच्या मांडीवर मऊ चेंडू. मुलांना खेळ फार आवडायचा, स्वतःहून मागायची. आगीची तालीम असते, वादळाची तालीम असते, तशी ही तिसरी. आम्ही ती करायचो आणि लगेच दूध-बिस्किटांकडे वळायचो. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, तेव्हा येत नसे.

एका खेपेला टॅशानं ब्रायनला विचारलं, "आणि कोणी दार वाजवलं तर?"

"पोलिसांकडे किल्ली असते. ते वाजवणार नाहीत. वाजवणारा पोलीस नाही एवढं समजायचं आणि हलायचं नाही."

"पण बाहेर एखादी स्टुडंट असली तर?"

ब्रायननं आमच्या मुलांकडे एकदा नजर फिरवली. "मॅम, तुमच्याकडे आत अकरा जण आहेत," तो म्हणाला. 

तो दिवस एप्रिलमधला. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता, मैदानात चिखल होता आणि चिखलात जायचं म्हणून बदकं खूश होती. रबरी बूट चढवणं चाललं होतं. मायलो नावाचा एक गुटगुटीत मुलगा होता, त्याचा एक बूट सापडत नव्हता. तो सापडला असता तर आम्ही बाहेर असतो. हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं.

टॅशाचा आणि माझा फोन एकदमच किंचाळले. आवारात गोळीबार, आत राहा, दारं बंद करा. पाठोपाठ भिंतीवरच्या स्पीकरमधून लिंडांचा आवाज आला. दुपारच्या जेवणात काय आहे ते सांगावं इतक्या शांतपणे त्या म्हणाल्या, "लॉकडाऊन. ही तालीम नाही. लॉकडाऊन."

भीती मागून आली. मला आधी राग आला, लिंडांचा. आत्ताच कशाला, सगळ्यांचे बूट घालून झालेत, असं मनात आलं. माणसाचं डोकं अशा वेळी कुठे जाईल काही सांगता येत नाही.

टॅशानं मैदानाकडचं काचेचं दार लावून घेतलं, पडदे ओढले, दिवे घालवले. मी खाली वाकून कुजबुजले, "उंदीर कुठे गेले? मांजर आलं." पोरं बुटांसकट थपथप करत बाथरूममध्ये गेली. मायलो एकच बूट घालून टाळ्या पिटत होता, "कॅट! कॅट!" टॅशानं त्याला उचलून छातीशी धरला. कडी लावली. डोकी मोजली. पुन्हा मोजली.

आत रात्रदिव्याचा नारिंगी उजेड होता. मुलं फरशीवर ओळीनं बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, शिकवल्याप्रमाणे. इरा माझ्या मांडीवर. मग लांबून आवाज आले. फळ्या एकावर एक टाकाव्यात तसे. थांबले. पुन्हा आले. टॅशानं माझ्याकडे पाहिलं. "केमिस्ट्रीच्या बाजूनं," ती नुसते ओठ हलवून म्हणाली.

माझ्या मांडीवर त्या इमारतीत काम करणाऱ्या बाईचं पोर होतं. इराला काहीच ठाऊक नव्हतं, ती माझ्या बांगडीशी खेळत होती. मी तिच्या कानात मराठीत बोलायला लागले. नाक कुठंय? तिनं नाक दाखवलं. कान कुठंय? गुडघा कुठंय? आजूबाजूच्या मुलांना शब्द कळत नव्हते, पण तीही आपापली नाकं धरून बसली. मी किती वेळ नाक-कान करत होते देव जाणे. बाहेर सायरन सुरू झाले, डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरायला लागलं. खिशातला फोन थरथरत होता. नंतर पाहिलं, नवऱ्याचे मेसेज होते. पहिला "ठीक आहेस ना?" आणि त्याखाली ओळीनं नुसती प्रश्नचिन्हं.

आणि तेव्हा दार वाजलं.

बाथरूमचं नव्हे, बाहेरचं, मैदानाकडचं. कोणीतरी तळहातांनी काच बडवत होतं. मुलीचा आवाज. "प्लीज. कोणी आहे का? प्लीज." मग नुसतंच प्लीज, प्लीज, प्लीज.

पोरांनी माना वर केल्या. एकीचा ओठ थरथरायला लागला. टॅशा दाराकडे बघत होती. मी तिची बाही पकडली आणि नको म्हणून मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं.  मी बाही घट्ट धरून होते आणि बाहेर ती मुलगी काच बडवत होती. इतक्या जोरात, की मला वाटलं, त्या आवाजानंच तो गोळ्या झाडणारा इकडे येईल. ती गप्प व्हावी म्हणून दार उघडावं, का गप्प बसून ती निघून जाईल म्हणून वाट पाहावी, मला काही ठरवता येईना. ठरवणारं माझं डोकं जागेवरच नव्हतं. हाताला मात्र एकच ठाऊक होतं, की ही बाही सोडायची नाही.

टॅशानं मायलोला माझ्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं. दोन पोरं सांभाळायला माझा हात आपोआप सुटला. तिनं कडी काढली आणि अंधारात रांगत गेली. मी कडी परत लावायला हवी होती, नियमानं. मी नुसतीच बसून राहिले.

मैदानाचं दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला. दोघी रांगत आत आल्या. ती मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. हॅना तिचं नाव, हे नंतर कळलं. मैदानाच्या कुंपणावरून उडी मारताना तिचे दोन्ही गुडघे फुटले होते. आत आली तरी ती थांबेना. तोंडानं हं-हं असा श्वास ओढत होती, मोठमोठ्यानं. ते बघून दोन मुलं मुसमुसायला लागली. टॅशा तिला "श्श, हनी, श्श" करत होती, पण तिच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं.

घाबरलेल्या पोराला आपण मांडीवर घेतो. या घाबरलेल्या पोराला मांडीवर कसं घेणार? मी मायलोला उचलला आणि हॅनाच्या मांडीवर ठेवून दिला. चांगलं वजनदार बाळ ते. तिचे दोन्ही हात धरून त्याच्याभोवती घातले. "याला धर," मी म्हटलं. "हा घाबरलाय." मायलो अजिबात घाबरला नव्हता. पण हॅनानं त्याला धरलं. तिनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि हळूहळू तिचा श्वास त्याच्याइतका संथ झाला. मायलो तिच्या हाताशी खेळता खेळता झोपून गेला.

त्यानंतरचा वेळ मला सलग आठवत नाही. कोणीतरी शू केली, फ्लश करता येत नव्हता. इरानं "आई?" असं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "येईल हं." खरं बोलतेय का खोटं, मलाच माहीत नव्हतं.

शेवटी बाहेरच्या खोलीच्या कुलपात किल्ली फिरली आणि माणसं आत शिरली. त्यांनी आपण पोलीस असल्याचं मोठ्यानं सांगितलं, तरी टॅशा बाथरूमच्या दारापाशी आडवी उभी राहिली. आम्हाला बाहेर काढलं. सहलीला जाताना मुलं धरतात तशी कड्यांची दोरी असते आमच्याकडे, एका कडीला एक मूल. ती दोरी धरून पोरं हेल्मेट घातलेल्या, मोठाल्या बंदुका घेतलेल्या माणसांच्या रांगेमधून चालली. झोपेतून उठलेल्या मायलोनं एका धिप्पाड शिपायासमोर थांबून बूट नसलेला पाय वर केला. "बूट," तो म्हणाला. त्या माणसानं बंदूक पाठीवर टाकली, गुडघ्यावर बसला, माझ्या हातातून बूट घेतला (तो पडद्यामागे सापडला होता) आणि घालून दिला. 

मुलांना आवाराबाहेरच्या एका चर्चच्या सभागृहात नेलं. तिथे पालक येणार, ओळखपत्र दाखवणार, मूल घेऊन जाणार. रोज भेटणारी आई असली तरी ओळखपत्र हवंच, असा नियम. एकेक पालक येत होते. कोणी पोराला इतकं आवळत होतं, की पोरं ओरडत होती. बदकं कमी होत गेली. उरली इरा. ती शांतपणे बिस्किट खात होती. मी ऋतुजाचा फोन लावत होते, तो लागत नव्हता. सिॲटलहून मंदारचा मात्र मलाच फोन येत होता. "काकू, ती उचलत नाहीये. काकू, तुमच्याजवळ कोणी पोलीस आहे का, विचारा ना." मी फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे, इराला माझा चेहरा दिसू नये म्हणून.

ऋतुजा आली ती अनवाणी. अंगावर कोणाचं तरी मोठं जॅकेट. पर्स नाही, फोन नाही. दारावरच्या शिपायानं ओळखपत्र मागितलं, तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली, जणू तो परक्या भाषेत बोलतोय. लिंडा आयुष्यात कधी नियम मोडत नसत. त्या त्याला बाजूला सारून गेल्या, तिचा हात धरून तिला आत घेऊन आल्या. इरा म्हणाली, "आई, मांजल आलं होतं." ऋतुजा जमिनीवरच बसली. पुष्कळ वेळानं मला म्हणाली, "मी वॉशरूममध्ये होते काकू. एकटीच." 

त्या इमारतीत माणसं गेली. त्यांची नावं त्यांच्या घरच्यांची आहेत, मी इथे लिहीत नाही. आणि ज्यानं हे केलं त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही.

काही दिवसांनी पाळणाघर उघडलं. लोकांना आमचं फार कौतुक होतं, आणि मग ते थोडं थोडं बदलायला लागलं. टॅशानं दार उघडलं होतं, ही बातमी पालकांत पसरली. काहींनी तिला मिठी मारली. काहींनी मुलांना आणायचं थांबवलं. लिंडांनी पालकांची सभा बोलावली, त्याच चर्चच्या सभागृहात.

मायलोचे वडील डेव्हिड उभे राहिले. सज्जन माणूस. आवाज चढवला नाही त्यांनी. "मी कोणाला खलनायक करायला आलेलो नाही," ते म्हणाले. "पण माझा मुलगा त्या खोलीत होता. बाहेर कोण आहे हे पाहता येत नव्हतं. त्या मुलीच्या मागे कोणी असतं तर? नियम कशासाठी असतात? आपल्यापैकी कोणाला त्या क्षणी विचार करावा लागू नये म्हणूनच ना? मला फक्त सांगा, पुढच्या वेळी ते दार बंद राहील का?"

सभागृहात कोणी त्यांना विरोध केला नाही. करणार काय? त्यांचं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. मागच्या रांगेत टॅशा कोट न काढता बसली होती. मी उठून काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. पण मी काय बोलणार? मी तिची बाही धरून बसले होते, हे मी विद्यापीठाच्या चौकशीत सांगितलंच होतं.

तेवढ्यात ऋतुजा उभी राहिली. ती इंग्रजीत बोलली. मला आठवतं तसं मराठीत देते.

"मी इराची आई. मी त्या बिल्डिंगमध्ये होते, कॉरिडॉरमध्ये. मी आमच्याच लॅबचं दार वाजवलं. आत माझे मित्र होते. रोज त्यांच्याबरोबर डबा खाते मी. मी माझं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी दार उघडलं नाही. मग मी वॉशरूममध्ये जाऊन लपले. ते बरोबर वागले. सगळे मला तेच सांगतात आणि मीही त्यांना तेच सांगितलं, की तुम्ही बरोबर केलंत. फक्त मला अजून त्या लॅबमध्ये जाता येत नाहीये."

मग ती डेव्हिडकडे वळली. "तुम्ही म्हणताय ते मला कळतं. कारण मी ते दार वाजवत होते ना, तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की इराच्या खोलीचं दार कोणी उघडू नये. कोणाहीसाठी उघडू नये. एकीकडे मी दार वाजवत होते, आणि त्याच वेळी हे मागत होते." तिनं खुर्चीची पाठ धरली. "तेव्हा मी कोणाच्या बाजूनं आहे ते मला विचारू नका. मला सांगता येत नाही."

ती खाली बसली. डेव्हिड उभेच होते. थोड्या वेळानं त्यांनीही खुर्ची ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. लिंडांनी सभा संपल्याचं सांगितलं, तरी लोक हलेनात.

विद्यापीठानं टॅशाला ना शाबासकी दिली, ना ठपका ठेवला. मैदानाच्या दारावर कॅमेरा आला, काचेला न फुटणारी फिल्म आली. ऋतुजानं लॅब बदलली, पदवीही पुरी केली. आता ती मंदारजवळ सिॲटलला असते. इरा मला फोनवर "हाय सुलूआजी" म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलते. त्या दिवसातलं तिला काही आठवत नाही, असं ऋतुजा सांगते. मी विश्वास ठेवते.

एक मात्र सांगायचं राहिलं. सभेनंतर काही आठवड्यांनी हॅना पाळणाघरात आली. दुपारची वेळ, बदकं झोपली होती. गुडघ्यांच्या जखमा भरल्या होत्या. हातात फुलं, टॅशासाठी. मी टॅशाला शोधत स्वयंपाकघरात गेले, तर ती सिंकपाशी उभी राहून धुतलेल्याच वाट्या पुन्हा धूत होती.

"हॅना आलीय."

"माहितीये. पाहिलं मी. सांगा, मी नाहीये."

मी बाहेर जाऊन खोटं सांगितलं. हॅनानं फुलं माझ्याजवळ दिली, झोपलेल्या मुलांकडे दारातूनच थोडा वेळ पाहिलं आणि गेली. मी परत आत आले. टॅशानं नळ बंद केला.

"मी तिच्या मागे पाहिलं नाही, मिस सुलू," ती म्हणाली. "दार उघडलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. कोणालाच सांगितलं नाही हे. तिच्या मागे कोण आहे ते मी पाहिलंच नाही. आत अकरा जण, आणि मी डोळे मिटले."

"पण टॅशा, ती वाचली ना तुझ्यामुळे."

"नाही वाचली माझ्यामुळे. तो इकडे फिरकलाच नाही. ती त्या घसरगुंडीखाली बसून राहिली असती तरी वाचली असती." तिनं वाट्यांचा ढीग सरळ केला. "पुन्हा वेळ आली तर मी नाही उघडणार."

   मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ ताठ होती, लाकडासारखी.

खोलीतून आवाज आला. पहिलं पोर जागं झालं होतं, स्वतःशीच बडबडत होतं. टॅशानं हात पुसले, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेली. मी मागून गेले. तिनं दारातच दोन्ही हात पसरले आणि मोठ्यानं म्हणाली, "गुड आफ्टरनून, बदकांनो!" शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला. पोरांना ते कळलं नाही.